पाच हजारांच्या आतील चोरी

हे पत्र आज सकाळी ज्यांच्या हाती पडले, त्यांपैकी कित्येकांच्या दाराशी ते सायकलीवरून आले असेल. पहाटेच्या अंधारात गठ्ठा घेऊन निघालेला मुलगा इमारतीच्या पायथ्याशी सायकल उभी करतो, चार मजले चढतो, उतरतो आणि पुढच्या इमारतीकडे वळतो. या चढण्या-उतरण्याच्या अवधीत त्याची सायकल कोणाच्या भरवशावर उभी असते, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला कधी विचारला नसेल. खरे सांगावयाचे तर आम्हीही विचारला नव्हता. गेल्या पावसाळ्यात आमचाच अंक वाटणाऱ्या एका मुलाची सायकल अशीच गेली, तेव्हा तो विचारणे भाग पडले. मुलगा पोलीस ठाण्यात गेला. त्याला वागणूक वाईट मिळाली असे नाही. सायकल किती जुनी, तिची किंमत काय, एवढे विचारून त्याची तक्रार अदखलपात्र गुन्ह्यांच्या वहीत उतरविण्यात आली आणि तिची प्रत त्याच्या हाती देण्यात आली. तपास कधी होईल, या त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते असे, की या गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना करताच येत नाही.

हे ऐकून आम्हांस प्रथम राग आला. कायद्याचे पुस्तक उघडल्यावर तो ओसरला आणि त्याची जागा चिंतेने घेतली. कारण मिळालेले उत्तर बरोबर होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेच्या ३७९ व्या कलमाखाली चोरी ती चोरी होती. गेलेली वस्तू पन्नास रुपयांची असो वा पाच लाखांची, गुन्हा दखलपात्र होता व तपासाचा अधिकार पोलिसांना होता. नव्या संहितेच्या ३०३ व्या कलमाला एक परंतुक जोडण्यात आले आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, इसम प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल अथवा मालाची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी, असे हे परंतुक सांगते. त्याच्या जोडीने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांच्या आतील ही चोरी अदखलपात्र व जामीनपात्र म्हणून दाखल झाली आहे. अदखलपात्र म्हणजे पोलिसांनी तक्रार लिहून घ्यावी, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगावे, आणि तेथून आदेश येईपर्यंत तपासाला हात लावू नये.

परंतुकातील दयाबुद्धीशी आमचे भांडण नाही. एखाद्या पोराने मोहाने सायकल पळविली, पकडला गेला, सायकल परत केली, तर त्याला तुरुंगात सराईतांच्या संगतीस धाडण्यापेक्षा रुग्णालयाच्या आवारात झाडू मारावयास लावणे शहाणपणाचेच आहे. ज्यांनी वर्गात मुले शिकविली आहेत त्यांना हे पटवून द्यावयास नको. परंतु शिक्षा सौम्य करणे वेगळे आणि तपासाचे दार लावून घेणे वेगळे. चोर नवखा की सराईत, हे तो सापडल्यावरच कळावयाचे. आणि येथे तो सापडण्यापूर्वीच शोध थांबतो. सेवेची शिक्षा भोगण्यासाठीसुद्धा कोणीतरी सापडावा लागतो, ही साधी गोष्ट अनुसूची लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटलेली दिसते.

आता या पाच हजारांच्या रेषेच्या अलीकडे कोण राहतो ते पाहू. पन्नास हजारांची परदेशी बनावटीची सायकल घेऊन रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारा हौशी गृहस्थ रेषेच्या पलीकडे आहे. त्याच्या सायकलीची चोरी आजही दखलपात्र आहे. रखवालदार, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, दूधवाला, वर्तमानपत्रवाला, शाळकरी मुलगी, यांच्या दोनतीन वर्षे वापरलेल्या सायकली मात्र अलीकडच्या आहेत. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी मिळणारे साहाय्य २०२२ मध्ये ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. म्हणजे शासन ज्या किमतीची सायकल मुलीच्या हाती देते, ती सायकल वर्षभर वापरली की तिची चोरी पोलिसांच्या तपासाबाहेर जाते. एक हात देतो आणि दुसरा हात वळून पाहत नाही. डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' हा १९४८ चा इटालियन चित्रपट आमच्या पिढीने फिल्म सोसायट्यांच्या कृपेने पाहिला. त्यातला बाप सायकल गेल्यावर ठाण्यात जातो, अधिकारी तक्रार लिहून घेतो आणि शोध मात्र त्याचा त्यालाच करावा लागतो. युद्धाने मोडून पडलेल्या रोमची ती कथा होती. आपल्याकडे तीच रीत आता अनुसूचीतील एका ओळीने विहित झाली आहे.

बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे बैल गेल्यावर झोपा करणारेही कोणी उरले नाही, तेव्हा बैल जाऊच नये याची तजवीज आधी करणे प्राप्त आहे. आणि ही तजवीज म्हणजे अधिक दणकट कुलूप, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे तिचा येथे थोडा विचार केला पाहिजे.

आपल्या नित्याच्या सायकलीचे कुलूप म्हणजे मागच्या चाकावर बसविलेली घोड्याच्या नालासारखी कडी. किल्ली फिरवली की तिची जीभ तारांमधून पलीकडे जाते आणि चाक फिरावयाचे थांबते. दोन मिनिटांच्या थांब्यासाठी ही योजना उत्तम आहे; हॉलंडातही साध्या सायकलींवर असेच कुलूप सर्रास दिसते. पण हे कुलूप सायकलीला फक्त सायकलीशीच बांधते. चोराला ती चालवीत न्यावयाची नसतेच. पंधरा-वीस किलोचे वजन उचलून टेंपोत टाकावयास दोघे जण व अर्धे मिनिट पुरते. ज्यांना हे उमगले ते सोबत केबल बाळगतात. ती बोटभर जाड दिसते, परंतु आत बारीक तारांचा पीळ आणि वरून प्लॅस्टिकचे वेष्टन असते, आणि साध्या कातरीने ती तुटते. उरली पोलादी कमानीची महाग कुलुपे. त्यांच्याबाबत २००४ मध्ये अमेरिकेत जे घडले ते बोधप्रद आहे. एका नामांकित कंपनीची कुलुपे बॉलपेनच्या पोकळ नळीने उघडतात, असे एकाने दाखवून दिले आणि कंपनीला ती कुलुपे बदलून द्यावी लागली. पुढे कुलुपे सुधारली. तोवर बॅटरीवर चालणारा हातातला ग्राइंडर बाजारात स्वस्त झाला होता, आणि त्याच्यापुढे बहुतेक कुलुपांची मातब्बरी मिनिट-दोन मिनिटांची.

कुलूप आणि चोर यांची ही शर्यत अशीच चालावयाची. तिच्यात सायकलीच्या निम्म्या किमतीचे कुलूप घेऊन उतरण्याची ऐपत वर्तमानपत्रवाल्या मुलाची नाही. सायकलीत लपविण्याचे जीपीएस यंत्रही निघाले आहे. पण ते फार तर सायकल कोणत्या गल्लीत गेली एवढे सांगेल. त्या गल्लीत जाऊन दार कोणी ठोठवावयाचे, हा प्रश्न आपण वर पाहिलेल्या अनुसूचीपाशी येऊन थांबतो.

तेव्हा कुलूप कोणते, यापेक्षा ते कशाला लावावयाचे, हा प्रश्न मोलाचा. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी सायकलस्वारावर नसून शहरावर आहे. आपल्या शहरात पदपथांवर बाके आली, झाडांभोवती पार आले, ठिकठिकाणी शिल्पेही उभी राहिली. सायकल बांधता येईल अशी एक नळी मात्र शोधावी लागते. मग विजेचा खांब, दुकानाचे कठडे, झाडाची जाळी यांचा आश्रय. शाळांमधून व कचेऱ्यांमधून जे स्टँड असतात ते पुढचे चाक खाचेत घालून उभे करण्याचे. खाचेत धरले जाते ते चाक, आणि चाक तर दोन नट सैल केले की सुटते. शिवाय शेजारची सायकल आडवी झाली की त्याच्या तारा वाकतात. गोदामात माल रचण्याची ही पद्धत आहे. तिच्यात राखण कोठेच नाही.

याला पर्याय शोधण्यासाठी फार मोठी प्रज्ञा लागत नाही. इंग्लंडातील शेफील्ड शहराच्या नावाने ओळखला जाणारा स्टँड म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली, उलट्या यू आकाराची एक पोलादी कमान. उंची सुमारे पाऊण मीटर, दोन कमानींमध्ये एक मीटर अंतर, दोन्ही बाजूंना एकेक सायकल. सायकलीची फ्रेम कमानीला टेकते आणि फ्रेम व चाक दोन्ही एकाच कुलपात येतात. कोणताही लोहार ही कमान वाकवून देईल. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला-महाविद्यालयातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात आणखी एक पाऊल टाकले. लोक प्रत्यक्षात सायकल कशी बांधतात याचे त्यांनी निरीक्षण केले. चांगले कुलूप असलेली माणसेही घाईत केवळ वरची दांडी किंवा एकच चाक बांधून निघून जातात असे त्यांना दिसले. त्यांनी लोकांना उपदेश केला नाही. कमानीचाच आकार बदलला. इंग्रजी एम अक्षरासारखी मध्यभागी खाली आलेली ती नळी अशी, की नुसती दांडी बांधणे अडचणीचे व्हावे आणि फ्रेमसह चाक बांधणे सोयीचे व्हावे. माणसाच्या आळसाला गृहीत धरून त्याच्याकडून बरोबर गोष्ट करवून घेणे, ही रचनेची खरी कसोटी आहे. आम्ही फळ्यासमोर काढलेल्या वर्षांत हे तत्त्व वेळीच शिकलो असतो तर बराच घसा वाचला असता.

कमान कोठे रोवावी, यालाही महत्त्व आहे. इमारतीच्या मागे, जनित्राच्या खोलीशेजारी, जेथे मोटारीला जागा होत नाही तेथे सायकलींना पाठविण्याची आपल्या वास्तुरचनाकारांची रीत आहे. चोराला याहून सोयीची जागा कोणती? कमान हवी ती प्रवेशद्वाराशी, चहावाल्याच्या आणि रखवालदाराच्या नजरेच्या टप्प्यात.

हे झाले तासा-दोन तासांच्या मुक्कामाचे. दिवसभर किंवा रात्रभर सायकल एके ठिकाणी राहते तेव्हा कमानही पुरत नाही, कारण ग्राइंडरवाल्याला हवा असलेला निवांतपणा तेथे मिळतो. तेथे माणूसच हवा. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराच्या मुख्य स्थानकाखाली २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या सायकलतळात १२,५०० सायकली राहतात. तेथे देखरेख असते आणि पहिल्या चोवीस तासांस आकार नाही. पुण्यात २०२२ च्या मार्चपासून मेट्रो धावू लागली. घरापासून स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर लोकांनी कसे काटावयाचे, यावर परिसंवाद पुष्कळ झाले. सकाळी नऊला लावलेली सायकल संध्याकाळी सातला जागेवर सापडेल एवढी हमी मिळाली, तर त्यांतील निम्मे परिसंवाद अनावश्यक ठरतील. पुण्यासारख्या ठिकाणी अशा तळासाठी भूमिगत प्रासादाची गरज नाही. भिंती, छप्पर, एक दार आणि दाराशी बिल्ला देणारा एक माणूस एवढे पुरे. चित्रपटगृहांच्या आवारातले सायकल-स्टँड ज्यांना आठवतात त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

अशा तळाचा आणखी एक लाभ आहे, तो कायद्यातला. न्याय संहितेचे ३०५ वे कलम मनुष्यवस्तीच्या वा मालाच्या राखणीसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीला लागू होते. तेथे पाच हजारांची रेषा नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. भिंती-छपराच्या, रखवालीच्या सायकलतळातून सायकल गेली तर ती चोरी या कलमाखाली येते असे मानण्यास निश्चित जागा आहे. अर्थात उघड्या पदपथावर पोलिसांच्या तपासाबाहेर असलेली सायकल चार भिंतींच्या आत नेली की तपासाच्या कक्षेत येते. गवंड्याच्या कामाचा असा कायदेशीर परिणाम क्वचितच पाहावयास मिळतो.

राखणीवाचून काय होते, हे आपण नुकतेच पाहिलेही आहे. २०१७ च्या डिसेंबरात स्मार्ट सिटीच्या पुढाकाराने औंध भागात व विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. पाठोपाठ २०१८ मध्ये आणखी कंपन्या उतरल्या. मोबाइलवर कुलूप उघडावे, काम झाले की कोठेही सोडून द्यावी, अशी ती योजना होती. मोडतोड आणि चोऱ्या यांनी तिचा पिच्छा पुरविला आणि दोनतीन वर्षांत त्या सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. पुणेकरांच्या नागरिकत्वावर त्या वेळी बरेच तोंडसुख घेण्यात आले. परंतु २००७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या तशाच सायकलींची पहिल्या काही वर्षांत हजारोंनी चोरी व नासधूस झाली, आणि १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली सर्वांसाठी बिनकुलपी सोडल्या तेव्हा तर पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. सायकल बिनकुलपी ठेवणे तेथील नियमाविरुद्ध होते! दोष माणसांच्या जातीत शोधण्यात अर्थ नाही. पॅरिसने योजना गुंडाळली नाही, ती ठरलेल्या खांबांशी जखडलेल्या सायकलींच्या रूपात आजही चालू आहे. आपण मात्र हात झटकून मोकळे झालो.

राहिली गोष्ट ओळखीची. चोरीची सायकल विकली जाते कारण ती कोणाची हे कोणी सिद्ध करू शकत नाही. वस्तुतः नव्या सायकलीच्या फ्रेमवर कारखान्याचा क्रमांक ठोकलेला असतो; पॅडलच्या कण्याखाली वा सीटच्या नळीवर तो सापडतो. तो किती जणांनी लिहून ठेवला आहे? जपानात १९९४ पासून सायकलीची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. विक्रेताच ती करून देतो आणि फ्रेमवर चिकटपट्टी लावतो, त्यामुळे सापडलेल्या सायकलीचा मालक शोधता येतो. नेदरलँड्समध्ये जुनी सायकल घेणाऱ्याला तिचा क्रमांक चोरीच्या सरकारी यादीत आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते. आमच्या वडिलांच्या पिढीला सायकलीचा नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला चांगला आठवत असे, पण तो प्रेमाने नव्हे. तो कराचा बिल्ला होता. तो नसला की दंड, आणि दिवा नसला की आणखी दंड. महानगरपालिका अधिनियमात वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार आजही आहे, आणि नोंदणीचे नाव काढताच कोणाला तरी कराची आठवण होईल, ही भीती आम्हांस वाटते. म्हणून आताच सांगून ठेवतो: नोंदणी विनामूल्य हवी, विक्रीच्या वेळी दुकानातच व्हावी, जुन्या सायकलींसाठी ऐच्छिक असावी, आणि तिच्या नावाखाली कोणाही सायकलवाल्याला चौकात अडविले जाऊ नये. अडवावयाचेच तर जुन्या सायकलींच्या घाऊक खरेदीदाराला अडवून त्याची वही पाहावी.

पुण्यात आता सायकली राहिल्याच कोठे, असा आक्षेप यावर येईल. सायकलींचे शहर ही बिरुदावली दुचाकींच्या धुरात केव्हाच विरली, तेव्हा मूठभरांसाठी हा खटाटोप कशाला? मूठभर हा शब्द वापरणाऱ्यांनी एकदा सकाळी सहा वाजता हडपसरच्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या पुलावर उभे राहावे. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला तो कोणासाठी तरीच केला असेल. आमच्या शिक्षकी पेशाच्या वर्षांत दहावीच्या वर्गातला एक मुलगा धनकवडीच्या पलीकडून सायकलीने येत असे. ग्रंथालयाच्या दारातून त्याची सायकल गेली. आठवडाभर तो चालत आला, मग उशिरा येऊ लागला, मग सकाळचे दुधाचे काम सुटले म्हणून फीचा प्रश्न निघाला. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून जुनी सायकल घेऊन दिली तोवर सहामाही परीक्षा होऊन गेली होती. तो पुढे पास झाला. पण त्या वर्षीच्या वर्गात त्याचे बाक बरेच दिवस रिकामे होते, ते आम्हांस अजून दिसते.

फौजदारी कायदा व फौजदारी प्रक्रिया हे विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहेत. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला त्यांत स्वतःपुरती दुरुस्ती करता येते आणि महाराष्ट्राने अशा दुरुस्त्या पूर्वी केलेल्या आहेत. सायकलीची चोरी, तिची किंमत कितीही असो, दखलपात्र राहील एवढी एक ओळ अनुसूचीत घालण्याचे विधेयक पुण्याच्या आमदारांनी पुढच्या अधिवेशनात आणावे. सामुदायिक सेवेच्या परंतुकाला हात लावण्याचे कारण नाही. महापालिकेने आप्पा बळवंत चौकात, ससून रुग्णालयाच्या दाराशी, मंडईत आणि प्रत्येक मेट्रो स्थानकाच्या जिन्याशी कमानी रोवण्यास प्रारंभ करावा. मेट्रोच्या दोनचार मोठ्या स्थानकांत रखवालीचा तळ करून पाहावा. आणि ज्या वाचकांच्या गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा जवळ आली असेल त्यांनी जिन्याच्या तोंडाशी एक कमान बसविण्याचा विषय पत्रिकेवर घालावा. आमचा तो मुलगा सध्या एका उसन्या सायकलीवर अंक टाकतो. वरच्या मजल्यावर जाताना ती तो जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधतो.